उरलेले दोन टायर

१

उताराला लागलेली गाडी कठड्यावर आदळली की तिचं तोंड फुटतं. ही गाडी पाठीने आदळली होती.

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात ती आणून ठेवली होती. पुढून पाहिली तर धुऊनपुसून भाडं घ्यायला निघालीय असं वाटावं, इतकी धडधाकट. दिवे जागच्या जागी, काचेला साधा चरा नाही. मागे गेलं की मात्र बघवत नव्हतं. डिकी चेपत चेपत चालकाच्या सीटला येऊन भिडली होती.

चालकाच्या बायकोने, घरातल्या धाकटीने, मागे जाऊनही बघितलं. तिला काही वाटलं नाही. नवरा गेल्यापासून तिला काहीच वाटत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, रडू तर नाहीच. लोक येत, डोळे पुसत, आणि ती त्यांना पाणी आणून देत असे. सकाळी तिने चहा केला त्यात चहाची पूडच घालायची राहिली होती. तो पांढराफटक चहा निम्मा पिऊन झाला तरी तिला पत्ता नव्हता. तिच्या मावशीने कप हातातून काढून घेतला तेव्हा कुठे कळलं.

"हे बघा बाई," इन्स्पेक्टर म्हणाले, "सकाळची वेळ, सावलीतलं वळण, रस्त्यावर ओल गोठलेली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर फुटलेला नाही. वेगात असतील, गाडी फिरली. अपघात आहे हो, दुसरं काही नाही."

"माझ्या नवऱ्याला मारलंय," धाकटी म्हणाली. अर्धा लिटर दूध पुरे, असं सांगावं त्या आवाजात.

इन्स्पेक्टरांनी आशेने मावशीकडे पाहिलं. दोघांची जुनी ओळख होती. मावशीची अख्खी नोकरी वाहतूक खात्यात अपघातातल्या गाड्या तपासण्यात गेली होती. आता ती निवृत्त झाली होती आणि गुडघ्यांनी तर तिच्याही आधी निवृत्ती घेतली होती. पण मोडकी गाडी दिसली की तिचे हात अजून शिवशिवत. आताही ती "आई गं" करत पुढच्या चाकापाशी बसली. तिने टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवलं. नख रुतलं. मग ती कुरकुरत उठली, मागच्या चाकापाशी जाऊन पुन्हा बसली. तिथे नख घसरलं. चाकांचे नटही तिने बराच वेळ निरखले.

"पुढचे दोन थंडीचे टायर आहेत," ती म्हणाली. "मऊ रबराचे, गारठ्यात रस्ता धरणारे. मागचे दोन साधे."

"पण चांगले आहेत की चारही. खाचा बघा केवढ्या आहेत!"

"चांगलेच आहेत. नुसते पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या." मावशीने हात झटकले. "थंडीचे टायर चार घेतात, साहेब. दोन कुणी घेत नाही. मग उरलेले दोन कुठे आहेत?"

इन्स्पेक्टरांनी खांदे उडवले. धाकटीने उडवले नाहीत. आदल्या संध्याकाळी शेडमध्ये, तिच्या नवऱ्याच्या गाडीपाशी पाना घेऊन उकिडवा बसलेला माणूस तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो थोरला होता, तिच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. आणि तो त्या गाडीला हात लावील असं एकही कारण या जगात नव्हतं.

२

सासरे होते तोवर घर एक होतं. दारात सारख्याच दोन पांढऱ्या गाड्या होत्या, आणि दोघे भाऊ त्यांतून खालच्या गावाला प्रवासी नेत-आणत. सासरे गेले आणि वाटणी झाली. वाटणी काय, सगळ्याच घरांत होते. पण या घरात दोन्ही सुनांनी ती डोळ्यांत तेल घालून करवून घेतली. गाडी एकेक, खोल्या सारख्या, पातेली मोजून, गाद्या मोजून. शेडच्या मधोमध रंगाचा पट्टा ओढला गेला. शिडी एकच होती, तिचे तेवढे दोन तुकडे करायचे राहिले. पुढे थोरलीने थोरल्याला आणि धाकटीने धाकट्याला बजावून ठेवलं, की पलीकडच्यांशी बोलायचं नाही. नवऱ्यांनी माना डोलावल्या. सासूबाई मधल्या खोलीत राहत आणि एक महिना या स्वयंपाकघरात, एक महिना त्या स्वयंपाकघरात जेवत.

"मागचे दोन त्याने काढून नेले," धाकटी म्हणाली. दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. "आणि जुने लावून ठेवले. ह्यांना कळलंही नाही."

"तेवढ्याने माणूस मरतो, हे त्याला माहीत होतं?"

"मरतो का?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. ओट्याखाली एक स्टूल होतं. त्याच्या दोन पायांच्या रबरी टोप्या केव्हाच हरवल्या होत्या, दोनच शिल्लक होत्या. मावशीने फरशीवर भांडंभर पाणी सांडलं, टोप्यांचे पाय पुढे ठेवले आणि मागून स्टूल जोरात ढकललं. पुढचे पाय थबकले. मागचे सुळकन बाजूला निघाले, स्टूल जागच्या जागी फिरलं आणि पाठीकडून कपाटावर आपटलं.

"पुढच्यांनी धरलं, मागच्यांनी सोडलं. उतारावर ब्रेक मारला की वजन असंही पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यात वळण असलं तर बघायलाच नको. मागचं धावत पुढे येतं. म्हणून तुझ्या नवऱ्याची गाडी पाठीने आदळली."

"आणि चारही साधेच असते तर?"

मावशी फडकं शोधायला लागली. ते समोरच होतं.

"सांग ना."

"तर पहिल्याच वळणावर त्याला स्टिअरिंग सैल लागलं असतं. तो घाबरला असता, जपून गेला असता. पोचायला उशीर झाला असता, एवढंच. पण पुढे थंडीचे टायर होते. हाताला सगळं घट्ट लागत होतं. बिचारा त्या भरवशावर गेला. मागे काय चाललंय ते हाताला कळत नाही गं."

धाकटीने ते ऐकलं. कुठेतरी कळ उठायला हवी होती. ती वाट बघत राहिली, पण काही उठलं नाही. तिने स्टूल उचलून ओट्याखाली सरकवलं.

"म्हणजे ज्याने मागचे काढले, त्यानेच मारलं."

"काढले असते तर." मावशी फरशी पुसता पुसता बोलत होती. "मागच्या चाकांच्या नटांवर जुना चिखल वाळून बसलाय. त्यांना कित्येक दिवसांत पाना लागलेला नाही. पुढच्या नटांवर मात्र ताजे चकचकीत चरे आहेत. तू थोरल्याला पाना घेऊन बसलेला पाहिलास, ते खरं. पण त्याने काही नेलं नाही. तो नवे टायर बसवत होता."

"माझ्या नवऱ्याच्या गाडीला? तो?"

"तो. आता मला सांग, गाडीची दोन चाकं बदलली जात होती तेव्हा तुझा नवरा कुठे होता?"

धाकटीला ती संध्याकाळ आठवली. दूध घेऊन येतो म्हणून तो बाहेर पडला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात दूध नव्हतं.

३

थोरल्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. धाकटीने त्याला सगळ्या लोकांदेखत खुनी म्हटलं होतं, त्यानंतर दोघं आज पहिल्यांदा समोरासमोर येत होती. त्याचे गाल बसले होते. आतून थोरलीने एकदा डोकावून पाहिलं आणि ती भांडी घासायला निघून गेली. ती भांडी बहुधा आधीच घासलेली होती.

"तिथेच होता तो," मावशीच्या प्रश्नावर थोरला म्हणाला. "गाडीच्या पलीकडून जॅक फिरवत होता. ही दारात दिसली तसा खाली बसला."

"लपले?" धाकटीने विचारलं.

"लपलाच म्हण. माझ्याशी बोलताना तुला दिसायचं नव्हतं त्याला." थोरला खिडकीतून शेडकडे बघत होता. "रोज भेटायचो आम्ही तिथे. मी थर्मासमध्ये चहा न्यायचो. भांडण तुमचं होतं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

आत भांडं दाणकन आदळलं.

आता राग यायला हवा, असं धाकटीला वाटलं. राग आला नाही. रोज संध्याकाळी शेडमध्ये चहा पिऊन आलेला तो माणूस घरात तिच्या हातचाही कप निमूट रिकामा करत होता, तेवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

"टायर बसवलेस ते नवे होते," मावशी म्हणाली. "आले कुठून?"

"होते."

"होते म्हणजे? झाडाला लागले होते? दिले कुणी?"

"ते नका विचारू, मावशी."

"बरं. मग उरलेले दोन कुठे आहेत ते सांग."

थोरल्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढली. "मला आईला डॉक्टरकडे न्यायचंय, खालच्या गावात. ऑपरेशनच्या डोळ्याची पट्टी सोडायची आहे. त्या दिवसापासून गाडी बाहेर काढली नाही, पण हे टाळता यायचं नाही." दारापाशी जाऊन तो मागे वळला. "पोलिसांत द्या मला. ही म्हणते तसं लिहून देतो हवं तर. पण आईला यातलं एक अक्षर विचारू नका. हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. जोडलेल्या हातांतून किल्ली लोंबत होती.

धाकटीने ते हात पाहिले. इतके दिवस याच हातांचा तिरस्कार करत ती उठत होती आणि झोपत होती. तेवढं एक तिला जमत होतं. आता तेही हातचं जातंय की काय, अशी तिला पुसट भीती वाटली.

"आईचा यात काय संबंध?" बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"तेच विचारायला जायचंय. पण आईला नाही." मावशीने पदर खोचला. "इथे टायर विकतं कोण?"

४

टायरवाल्याचं दुकान गावाच्या टोकाला होतं. त्याच्यासमोरचा रस्ता सपाट होता, डोंगराच्या सावलीत दिवसभर ओल गोठलेला. शंभरेक पावलांवर उतार सुरू होत होता. टायरवाला पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. धाकटीला बघून त्याने हात पुसले, चेहरा पाडला आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

"टायर ना? तुमच्या सासऱ्यांनीच मागवले होते की," तो म्हणाला. "थंडीचे, चार. आधी एका गाडीला लावून बघू म्हणाले. माल येईपर्यंत ते गेले. वाटणी वगैरे उरकल्यावर मी सासूबाईंना निरोप धाडला, की असे असे चार टायर पडून आहेत, काय करू?"

"मग? काय म्हणाल्या?"

"दोन थोरल्याला दे, दोन धाकट्याला दे. एकाला चारही दिले तर दुसऱ्या पोराने त्या उतारावरून कसं जायचं, म्हणाल्या. मीही म्हटलं, बरोबर आहे. पुढे लावा दोन-दोन, गाडी ओढतात ती पुढचीच चाकं. काहीच नसण्यापेक्षा बरं." तो थांबला. "माल एक नंबर होता हो. त्याला नाव ठेवायला जागा नाही."

टाकीतल्या ट्यूबमधून एक बुडबुडा वर आला.

म्हणजे चोर नव्हता. खुनीही नव्हता. एका आईने दोन मुलांच्या जिवाची सारखी काळजी केली होती, आणि चारात मिळून जे काम होतं ते दोघांत वाटून दिलं होतं. टायर आईने दिलेत, एवढं थोरल्याला ठाऊक होतं. टायर बदलल्याच्या दुसऱ्याच सकाळी भाऊ गेला, एवढं जरी आईच्या मनात आलं तरी ती खचेल, म्हणून तो तोंड शिवून बसला होता. खुनी म्हणवून घेत होता. आपल्याला कुणीतरी दोषी हवा होता, हे धाकटीला आता स्वच्छ कळलं. त्याच्याशिवाय सकाळी उठायचं कशासाठी, हे तिला माहीत नव्हतं.

"दोन थोरल्याला," मावशी हळू आवाजात म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "अगं, त्याच्याही गाडीला पुढेच असणार! उरलेले दोन तिथेच आहेत! आणि मी त्याच्या हातात किल्ली बघून मुकाट्याने बाहेर पडले. डोकं कुठे होतं माझं?"

धाकटीने फोन लावला. थोरल्याने तो कापला. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा कापला.

"माझा फोन तो कशाला घेईल," ती म्हणाली.

तेवढ्यात वळणावरून पांढरी गाडी आली.

थोरला काही वेगात नव्हता. मागे आई बसली होती, जपूनच चालवत होता. पण उतार त्याच्या पुढ्यात होता. धाकटी दुकानाच्या पायरीवरून दोन्ही हात हलवायला लागली. त्याने तिला पाहिलं आणि मान समोर वळवली. गाडी तशीच येत राहिली.

"मधे जाऊ नकोस!" मावशी ओरडली. "जोरात ब्रेक मारेल तो!"

धाकटी मधे जाऊन उभी राहिली होती.

ब्रेक लागला. पुढच्या चाकांनी रस्ता धरला. मागची बाजू मात्र थांबली नाही. ती आवाज न करता बाहेर निघाली, गाडीला वळसा घालून पुढे आली, आणि आख्खी गाडी आलेल्या दिशेला तोंड करून गटाराच्या काठावर उभी राहिली. मागचं एक चाक काठाबाहेर हवेत फिरत होतं. मागच्या सीटवर सासूबाई समोरची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती.

थोरला खाली उतरला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, पुढच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या चाकांकडे. त्याचा जन्म गाडी चालवण्यात गेला होता, त्याला कुणी समजावायची गरज पडली नाही.

"त्याचीही अशीच..." तो म्हणाला.

"काय झालं रे?" सासूबाईंनी आतून विचारलं. "कोण आलं आडवं?"

धाकटीने मागचं दार उघडलं. थोरला त्यांच्या पाठीमागून तिला मानेने नाही नाही म्हणत होता. मावशीने नजर दुसरीकडे वळवली.

"काही नाही, आई. ब्रेक बिघडलाय."

"ब्रेक?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी मागून फिरली गं. मी मागेच बसलेय ना. एक डोळा झाकलाय माझा, बाकीची मी शुद्धीवर आहे." त्यांनी उघड्या डोळ्याने दुकानाची पाटी पाहिली, दारात ओली ट्यूब धरून उभा असलेला टायरवाला पाहिला. नवऱ्याने आणि दोन मुलांनी आयुष्यभर त्यांच्यासमोर बसून गाड्यांच्याच गप्पा मारल्या होत्या. "टायर ना?"

टायरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवली.

"चारही एकालाच द्यायला हवे होते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिघंही त्याचीच वाट बघत होते. पण सासूबाई फक्त धाकटीकडे बघत होत्या, आणि इतक्या दिवसांत तिच्याकडे उत्तर मागणारं दुसरं कुणी आलं नव्हतं.

"हो, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. "मनात आलं होतं माझ्या. चारही थोरल्याला द्यावेत, धाकट्याला म्हणावं, थंडी सरेपर्यंत तू गाडी काढूच नकोस. पण मग म्हटलं, नको. घरात पुन्हा..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. पुरं केलं असतं तर ऐकणारीला लागलं असतं, म्हणून सोडलं.

"मी घर डोक्यावर घेतलं असतं," धाकटी म्हणाली. "चारही तिकडे दिले असतेत ना, आई, तर मी तुम्हाला सुखाने घास खाऊ दिला नसता. मला भिऊन तुम्ही दोन-दोन केले. माझ्यामुळे केलेत."

आणि तिला रडू फुटलं. चांगलं दिसेल असं ते रडणं नव्हतं. नाक वाहत होतं, आवाज फाटत होता, ती रस्त्यातच गुडघ्यांवर बसली आणि तिने सासूबाईंच्या मांडीत तोंड खुपसलं. तो दूध न घेता परत आला होता, आणि तिने त्याला विचारलंही नव्हतं. तो आता कधीही दारातून आत येणार नव्हता. हे सगळं तिला एकदमच कळलं आणि सगळं एकदमच दुखलं. थोरल्याने डिकी उघडून जॅक काढला. टायरवाला पाना घेऊन धावत आला आणि दोघं थंडीचे टायर उतरवायला पुढच्या चाकाला भिडले.

सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा कोरडा होता.

"रड," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला रडायचं नाही म्हणून सांगितलंय, डोळा जाईल म्हणे. त्या दिवसापासून मी थांबवून धरलंय. माझ्या वाट्याचंही तूच रड, बाई."